स्ट्रायकरला मॅनेजर नेमण्यापूर्वी: फुटबॉल क्लबांच्या संचालकांना खुले पत्र

माननीय संचालक मंडळांस,

सविनय नमस्कार.

मोसमाच्या मध्यात एखाद्या क्लबातील मॅनेजरची खुर्ची रिकामी झाली की संचालकांच्या बैठकीत एखाद्या जुन्या स्ट्रायकरचे नाव निघतेच. हे आम्ही प्रेक्षक इतक्या वेळा पाहत आलो आहोत की घोषणा होण्यापूर्वीच तिचे छायाचित्र आमच्या डोळ्यांसमोर उभे राहते: दोन्ही हातांनी ताणून धरलेला क्लबचा स्कार्फ, मागच्या भिंतीवर त्याच गृहस्थांचे ऐन तारुण्यातील, गोल मारून धावत सुटल्याचे चित्र, आणि सोबतच्या पत्रकात पहिल्याच ओळीत त्यांच्या गोलांची संख्या. हे पत्र त्या संख्येविषयी आहे. ती खोटी असते असे मुळीच नाही. पण जी नेमणूक आपण करता तिच्या दृष्टीने ती अपुरी असते, आणि तिच्या शेजारी दुसरा एक आकडा मांडून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

माझे म्हणणे ज्या एका कारकिर्दीच्या आधाराने मांडायचे आहे ती ब्रायन क्लफ यांची. इंग्लिश लीगमध्ये 274 सामन्यांत 251 गोल करणारा हा स्ट्रायकर पुढे लागोपाठ दोन युरोपियन कप, म्हणजे युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकणारा मॅनेजर झाला, एवढे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुर्दैवाने त्यांच्या आठवणी निघतात तेव्हा चर्चा त्यांच्या जिभेचीच जास्त होते. दूरचित्रवाणीवरील मुलाखती, फटकळ उत्तरे, भांडणे. मनोरंजन म्हणून ते ठीक आहे. मॅनेजर नेमणाऱ्यांनी मात्र त्या जिभेकडे थोडे दुर्लक्ष करून त्यांनी संघ कसे बांधले, आणि मुख्य म्हणजे कोणत्या टोकाकडून बांधायला घेतले, ते पाहावे.

मिडल्सबरोकडून खेळताना क्लफ यांनी दुसऱ्या श्रेणीत सलग पाच मोसमांत अनुक्रमे 38, 40, 43, 39 आणि 34 गोल केले. आजच्या कोणत्याही क्लबने अशा माणसासाठी तिजोरी उघडली असती. तरीही त्या पाचांपैकी एकाही मोसमात मिडल्सबरोला वरची श्रेणी गाठता आली नाही. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ऑक्टोबर 1960 मध्ये चार्ल्टनच्या मैदानावर झालेला सामना 6-6 असा बरोबरीत सुटला. क्लफ यांनी त्यात तीन गोल केले आणि संघाच्या पदरात एक गुण पडला. स्ट्रायकरने तीन गोल करावेत, संघाने सहा करावेत, आणि तरी सामना जिंकता येऊ नये, असा प्रसंग ज्याच्यावर येतो त्याच्यापुढे दोन वाटा असतात. तो आपल्या बचावफळीवर कायमचा चिडतो, किंवा ती बचावफळी अशी का आहे याचा विचार करू लागतो. क्लफ आधी चिडले. त्यांच्या वागण्याला कंटाळून संघातील काही सहकाऱ्यांनी त्यांचे कर्णधारपद काढून घ्यावे म्हणून क्लबकडे सह्यांचा अर्जही दिला होता. विचार करण्याची वेळ नंतर आली, आणि त्यासाठी लागणारा माणूस त्याच संघात, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता.

तो माणूस म्हणजे गोलरक्षक पीटर टेलर. क्लफ राखीव खेळाडूंमध्ये रखडलेले असताना त्यांच्यातील स्ट्रायकर ओळखणारा हा पहिला माणूस. गोलरक्षकाला संपूर्ण खेळ समोरून दिसतो. स्ट्रायकर आयुष्यातील बराच काळ स्वतःच्या संघाकडे पाठ करून धावत असतो. पुढे या दोघांनी मिळून जे काही केले, ते या दोन नजरा एकत्र आल्यामुळे झाले असे मला वाटते. आपल्या चर्चांमध्ये ही गोष्ट जवळजवळ कधीच येत नाही, कारण स्कार्फ धरून छायाचित्र एकाचेच काढले जाते.

पुढे क्लफ मिडल्सबरो सोडून संडरलँडकडे गेले. 26 डिसेंबर 1962 रोजी संडरलँडच्या रोकर पार्क मैदानावर, बरी या संघाविरुद्ध, ते पुढे आलेल्या चेंडूमागे धावले आणि समोरून झेपावलेल्या गोलरक्षकावर आदळले. गुडघ्यातील अस्थिबंध तुटले. वय 27. दीड वर्षाहून अधिक काळाने त्यांनी पुनरागमन केले ते तीन सामन्यांपुरते, त्यांत एक गोल केला, आणि खेळणे कायमचे थांबले. मग त्यांनी संडरलँडच्या युवा संघाला शिकवायला सुरुवात केली. ज्या वयात इतर स्ट्रायकर आपले सर्वोत्तम गोल करीत असतात त्या वयात हा माणूस बाजूला उभा राहून पोरांना चेंडू कसा अडवावा, कसा पुढे द्यावा, हे सांगत होता. थोड्याच दिवसांत ते कामही गेले.

ऑक्टोबर 1965 मध्ये त्यांना पहिले मॅनेजरपद मिळाले ते हार्टलपूल्स युनायटेडचे. चौथ्या श्रेणीच्या तळाशी राहून लीगमध्ये पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून वारंवार हात पसरणारा हा क्लब होता. त्या वेळी बर्टन अल्बियन या छोट्या क्लबाचे मॅनेजर असलेल्या टेलर यांना क्लफ यांनी सोबत बोलावले, पण सहायक मॅनेजर ठेवण्याची क्लबची ऐपत नव्हती, म्हणून ते कागदोपत्री ट्रेनर झाले आणि सामन्यात बादली-स्पंज घेऊन मैदानात धावू लागले. क्लफ यांनी संघाची बस चालवता यावी म्हणून परवाना काढला, आणि क्लबसाठी पैसे गोळा करण्याकरिता कामगारांच्या क्लबांमधून फेऱ्या मारल्या. तेथील अध्यक्षांनी आधी टेलर यांना आणि मग क्लफ यांनाच काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दोघांनीही जायला साफ नकार दिला. पुढच्या मोसमात हार्टलपूल्स आठव्या क्रमांकावर आला आणि ते दोघे गेल्यानंतरच्या वर्षी वरच्या श्रेणीत पोहोचला. या दीड-दोन वर्षांविषयी कोणतेही पत्रक निघत नाही, पण क्लफ यांच्या कारकिर्दीतील सर्वात महत्त्वाचा काळ कोणता असे मला कोणी विचारले, तर मी युरोपियन कपच्या आधी याच काळाचे नाव घेईन.

1967 मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतील डर्बी काउंटीत आले. आपल्यापैकी ज्यांना पहिल्या दहा सामन्यांतच धीर सुटतो त्यांनी पुढील गोष्टीची कृपया नोंद घ्यावी: आदल्या मोसमात सतराव्या क्रमांकावर असलेला डर्बी क्लफ यांच्या पहिल्या मोसमात अठराव्या क्रमांकावर गेला. म्हणजे एक पायरी खाली. त्या मंडळाने त्यांना ठेवले. त्याच मोसमात एका रात्री उशिरा क्लफ आणि टेलर ट्रॅनमिअरच्या रॉय मॅकफार्लंड या 19 वर्षांच्या मध्यबचावपटूच्या घरी जाऊन धडकले, झोपलेल्या मुलाला उठवून त्याच्याशी बोलत बसले आणि त्याची सही घेऊनच निघाले. पुढच्या उन्हाळ्यात टॉटनहॅमकडून डेव्ह मॅके आले. वय 33, आयुष्यभर मैदानाच्या मध्यभागी घाम गाळून खेळलेला माणूस. क्लफ यांनी त्याला मागे, मॅकफार्लंडच्या शेजारी उभे केले आणि तरुण बचावफळीला आवाज देण्याचे काम सोपवले. 1969 मध्ये डर्बीने दुसरी श्रेणी जिंकली आणि 1972 मध्ये पहिली. 251 गोल करणाऱ्या माणसाने आपल्या पहिल्या मोठ्या संघाचा पाया दोन बचावपटूंवर घातला, हे मला फार बोलके वाटते.

मंडळाशी बिनसल्याने ऑक्टोबर 1973 मध्ये दोघांनी डर्बी सोडले, त्यानंतरचे वर्ष मात्र वाईट गेले. ब्रायटनमध्ये त्यांच्या संघाला स्वतःच्या मैदानावर ब्रिस्टल रोव्हर्सने 8-2 असे हरवले. ज्या ब्रायटनला 1958 मध्ये मिडल्सबरोने 9-0 असे धुतले आणि क्लफ यांनी एकट्याने पाच गोल मारले, त्याच ब्रायटनच्या बाकावर बसून आता ते आठ गोल मोजत होते. मग 1974 मध्ये लीड्स. ते 44 दिवस इतके सांगून झाले आहेत की मी त्यावर एकच वाक्य खर्च करतो: लीड्सला क्लफ एकटे गेले, टेलर ब्रायटनलाच राहिले, आणि सहा लीग सामन्यांत एक विजय मिळवून क्लफ बाहेर पडले.

जानेवारी 1975 मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतील नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये आले, 1976 मध्ये टेलर पुन्हा सोबत आले, 1977 मध्ये संघ तिसऱ्या क्रमांकाने कसाबसा वर चढला. आणि आता मी तो दुसरा आकडा मांडतो. वर चढल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, 1977-78 मध्ये, फॉरेस्टने लीग जिंकली तेव्हा सर्वाधिक गोल करणारा संघ तो नव्हता. फॉरेस्टचे गोल 69, एव्हर्टनचे 76. मात्र 42 सामन्यांत फॉरेस्टवर झालेले गोल केवळ 24. ज्याच्या संघाने एकेकाळी एका दुपारी सहा गोल खाल्ले होते, त्याच माणसाचा संघ आता सरासरीने दोन सामन्यांत मिळून सुमारे एक गोल खात होता.

हे कसे घडले तेही पाहण्याजोगे आहे. वर चढलेले क्लब सहसा आधी गोल करणारा माणूस शोधतात. क्लफ आणि टेलर यांनी मोसम सुरू झाल्यावर स्टोककडून गोलरक्षक पीटर शिल्टन आणला, तोही 2 लाख 70 हजार पौंडांना. गोलरक्षकासाठी इतके पैसे मोजणे त्या काळी अनेकांना उधळपट्टी वाटले. त्याआधी त्यांनी बर्मिंगहॅमकडून केनी बर्न्सला घेतले होते. बर्न्सने आदल्या मोसमात स्ट्रायकर म्हणून 19 लीग गोल केले होते, आणि त्याची ख्याती उनाड, भांडखोर अशी होती. तो फावल्या वेळात काय करतो हे पाहण्यासाठी टेलर ओळखू न येईल अशा वेशात कुत्र्यांच्या शर्यतीपर्यंत गेले होते असे सांगतात. 19 गोल करणारा माणूस हाती लागला की कोणताही जुना स्ट्रायकर त्याला पुढे उभा करील. या दोघांनी त्याला मागे नेऊन मध्यबचावपटू केला, आणि वर्षअखेरीस इंग्लंडमधील फुटबॉल लेखकांनी त्याचीच सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड केली. स्ट्रायकरला कोणता बचावपटू नकोसा वाटतो हे स्ट्रायकरलाच ठाऊक असते, आणि त्या ज्ञानाचा असा उपयोग करता येतो, हे मला बर्न्सच्या उदाहरणावरून कळले. नोव्हेंबर 1977 पासून पुढे वर्षभर, सलग 42 लीग सामने, हा संघ हरला नाही.

मे 1980 मधील युरोपियन कपचा माद्रिदमधील अंतिम सामना ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो मिळवून अवश्य पाहावा. आदल्या वर्षी म्युनिकमध्ये माल्मोविरुद्ध एकमेव गोल करणारा ट्रेव्हर फ्रान्सिस, ब्रिटनमधील पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू, जखमी होऊन घरी बसला होता. समोर केविन कीगनचा हॅम्बुर्ग. क्लफ यांनी पुढे गॅरी बर्टल्स या एकट्या स्ट्रायकरला ठेवले आणि मध्यफळीत पाच जण उभे केले, त्यांत 18 वर्षांचा गॅरी मिल्स. विसाव्या मिनिटाच्या सुमारास डावीकडून आत येत जॉन रॉबर्टसनने उजव्या पायाने खालून फटका मारला, चेंडू खांबाला चाटून आत गेला, आणि उरलेली सत्तर मिनिटे फॉरेस्टने फक्त वाट अडवली. बर्टल्स एकटा इतका धावला की शेवटी त्याचे मोजे घोट्यावर आले होते. ज्या मॅनेजरने स्वतः स्ट्रायकर म्हणून असे एकटे सोडले गेल्यावर बाकाकडे पाहून आरडाओरडा केला असता, त्याने आपल्या स्ट्रायकरला नेमके तेच काम दिले होते.

केवळ एका उदाहरणावर मी विसंबतो आहे असा आपला आक्षेप येण्यापूर्वी दोन-तीन नावे आणखी घेतो. ॲलेक्स फर्ग्युसन हेही स्ट्रायकर. 1969 च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यात रेंजर्सकडून खेळताना सेल्टिकच्या बिली मॅकनीलवर नजर ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते; दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवर मॅकनीलने डोक्याने गोल केला, रेंजर्स 4-0 ने हरले आणि दोष फर्ग्युसन यांच्या माथी बसला. त्यांचे मॅनेजरपण 1974 मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर या लहानशा क्लबात सुरू झाले. याच फर्ग्युसन यांच्या मँचेस्टर युनायटेडने 2008-09 च्या मोसमात सलग 14 लीग सामने एकही गोल न खाता काढले.

ॲलन शिअरर यांच्याविषयी मला आदरच आहे. प्रीमियर लीगमध्ये 260 गोल करणाऱ्या या स्ट्रायकरच्या हाती न्यूकॅसलने एप्रिल 2009 मध्ये, मोसमाचे आठ सामने उरले असताना, बुडती नौका दिली. पूर्वी कोठेही मॅनेजर नसलेल्या माणसाकडून त्यांनी नेमकी कशाची अपेक्षा केली होती? गोलांचीच असावी. त्या आठ सामन्यांत संघाने चार गोल केले, त्यांतले तीन एकाच सामन्यात, खाल्ले दहा. शेवटच्या सामन्यात ॲस्टन व्हिलाविरुद्धचा निर्णायक गोल स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेला आणि क्लब खालच्या श्रेणीत उतरला. याचा दोष शिअरर यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ही चूक नेमणाऱ्यांची होती.

इटलीतील इंझागी बंधू हे तर जणू याच पत्रासाठी जन्मले आहेत. थोरले फिलिपो, विश्वविजेत्या संघातील स्ट्रायकर, 2007 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मिलानचे दोन्ही गोल करणारे. 2014 मध्ये युवा संघाच्या अनुभवावर मिलानने त्यांना थेट मुख्य संघ दिला, तो दहाव्या क्रमांकावर आला आणि ते गेले. मग ते तिसऱ्या श्रेणीतील व्हेनेझियात उतरले, त्यांना वर आणले. पुढे बेनेव्हेन्तोला आणि 2025 मध्ये पिसाला त्यांनी सेरी आ या इटलीच्या अव्वल श्रेणीत चढवले. धाकटे सिमोने खेळाडू म्हणून थोरल्या भावाच्या सावलीतच राहिले. लाझिओच्या मुलांना काही वर्षे शिकवून त्यांनी मुख्य संघ हाती घेतला, नंतर इंटरला 2024 मध्ये विजेतेपद मिळवून दिले आणि दोनदा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत नेले. आपल्या पत्रकातील पहिल्या ओळीच्या हिशेबाने थोरल्याची नेमणूक आधी व्हायला हवी होती, आणि झालीही.

केनी डाल्ग्लिश यांचा दाखला माझ्या विरोधात जातो, हे मी मान्य करतो. 1985 मध्ये खेळत असतानाच ते लिव्हरपूलचे मॅनेजर झाले आणि पहिल्याच मोसमात लीग व एफए कप दोन्ही जिंकले, लीगचा निर्णायक गोल चेल्सीविरुद्ध स्वतः मारून. परंतु त्यांच्या पाठीशी सल्लागार म्हणून बॉब पेझली होते आणि वर्षानुवर्षे एकत्र काम केलेली प्रशिक्षकांची मंडळी जागेवर होती. ज्या क्लबाजवळ अशी माणसे आहेत त्याने खुशाल डाल्ग्लिश नेमावेत.

क्लफ यांची अखेर चांगली झाली नाही, आणि तीही लपवू नये. 1983 मध्ये रॉबर्टसनच्या डर्बीला जाण्यावरून, तोवर फॉरेस्ट सोडून डर्बीचे मॅनेजर झालेल्या टेलर यांच्याशी अबोला झाला. 1990 मध्ये टेलर वारले तोवर दोघे बोलले नव्हते. टेलर यांच्याविना फॉरेस्टने 1989 आणि 1990 चे लीग कप जिंकले, पण लीग पुन्हा कधी जिंकली नाही. दारू वाढली, आणि 1993 मध्ये संघ तळाशी जाऊन खाली उतरला तेव्हा 18 वर्षांनी क्लफ निवृत्त झाले. ती शेवटची दोन-तीन वर्षे त्यांना थांबवणारा, किंवा निदान समोर बसून खरे सांगणारा माणूस त्यांच्या शेजारी असायला हवा होता. तो शोधून देणे हे मंडळाचे काम होते असे माझे मत आहे.

म्हणून पुढच्या वेळी एखादा स्ट्रायकर मुलाखतीला आपल्यासमोर बसेल तेव्हा त्याच्या गोलांची यादी बाजूला ठेवून त्याला विचारावे की त्याचा स्वतःचा संघ गोल खात असे तो कोणत्या बाजूने आणि का. मागील दोन वर्षांत त्याने कोणाला शिकवले. आणि तो सोबत कोणाला आणणार आहे, त्या माणसाला आपण किती पगार देणार आहोत. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अर्थात आपल्याकडे आहे.

क्लफ यांचे चिरंजीव नायजेल हेही फॉरेस्टचे स्ट्रायकर होते. 1998 मध्ये त्यांनी मॅनेजर म्हणून सुरुवात केली ती सहाव्या पातळीवरील बर्टन अल्बियनमध्ये, म्हणजे टेलर ज्या क्लबातून हार्टलपूल्सला गेले त्याच क्लबात. मधल्या काळात डर्बी आणि शेफिल्ड युनायटेड करून ते बर्टनला परतले, आणि जानेवारी 2019 मध्ये त्या संघाला घेऊन लीग कपच्या उपांत्य सामन्यासाठी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर गेले. सामना 9-0 असा संपला. बर्टनच्या मंडळाने त्यांना काढले नाही. दोन आठवड्यांनी परतीच्या सामन्यात त्याच सिटीविरुद्ध त्यांच्या संघाने एकच गोल खाल्ला. मे 2020 मध्ये साथीमुळे क्लबचे उत्पन्न थांबले तेव्हा आपल्या पगाराचा भार नको म्हणून ते स्वतःहून बाजूला झाले.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
बाकांच्या मागच्या रांगेतील एक जुना प्रेक्षक